नव्या गाडीला दुसऱ्याने ठोकलं, तर क्लेम कसा करायचा? सीमाभागातल्या गाडीमालकांसाठी

शोरूममधून गाडी आणून महिना झालेला नसतो, बोनेटवरचं हळदकुंकू अजून पुरतं गेलेलं नसतं, आणि बेळगावात गोवावेसला कुणीतरी मागून येऊन आदळतो. अशा वेळी मालकाच्या तोंडून दोनच प्रश्न निघतात. चूक त्याची असताना माझ्या विम्याला हात का लावायचा? आणि त्याच्याकडून वसूल कसं करायचं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते एकमेकांत अडकवून ठेवले की गाडी महिनोन् महिने गॅरेजात पडून राहते. चूक कोणाची हे कायद्याने ठरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा गाडी दुरुस्त व्हायला लागत नाही. म्हणून माझं सांगणं असं आहे: गाडी स्वतःच्या पॉलिसीवर दुरुस्त करून घ्या, आणि समोरच्याकडून वसुलीची वाट पहिल्या तासातच कागदावर मोकळी करून ठेवा. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

अपघाताआधीच पॉलिसी उघडून बघा

१ सप्टेंबर २०१८ पासून नवी गाडी विकताना थर्ड पार्टी विमा एकदम अनेक वर्षांचा द्यावा लागतो. चारचाकीला ३ वर्षं, दुचाकीला ५ वर्षं. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग वेगळा. त्याला ओन डॅमेज म्हणतात आणि नव्या गाडीवर तो साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर या दोन भागांच्या दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात.

खानापूर असो की येळ्ळूर, नवी दुचाकी घेतलेल्या पोरांच्या डोक्यात 'पाच वर्षांचा विमा आहे' एवढंच पक्कं बसलेलं असतं. दुसऱ्या वर्षी कुणी ठोकलं की मग कळतं, ओन डॅमेज कधीच संपलेलं आहे. तेव्हा स्वतःच्या पॉलिसीतून गाडीच्या दुरुस्तीला एक रुपयाही मिळत नाही. उरतो तो फक्त समोरच्याकडून वसुलीचा लांबचा रस्ता. घरात नवी गाडी असेल तर ती ओन डॅमेजची तारीख आजच बघा आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

त्याच पानावर अ‍ॅड-ऑनची यादी असते, म्हणजे जादा हप्ता भरून घेतलेल्या जोड-सोयींची. झिरो डेप्रिसिएशन आहे का, कन्झ्युमेबल्स आहे का, रिटर्न टू इनव्हॉइस आहे का, एनसीबी प्रोटेक्ट आहे का, हे चार शब्द शोधा. कशाने किती फरक पडतो ते पुढे हिशेबात येईल.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट हमखास दिसते. गाडी कोल्हापुरात किंवा गोव्यात घ्यायची, तात्पुरत्या नंबरवर घरी आणायची आणि पक्क्या नोंदणीचं काम रेंगाळत ठेवायचं. हे फार महागात पडू शकतं. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली असताना अपघात झाला, तर विमा कंपनीने क्लेम नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये योग्य ठरवलं आहे. पुढे २०२१ मध्ये चोरीच्या प्रकरणातही तीच भूमिका कायम राहिली. मुदतीची तारीख त्या कागदावर लिहिलेली असते. ती उलटून गेली असेल तर पक्का नंबर येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

पॉलिसी मात्र साऱ्या देशात चालते. एमएच-०९ची गाडी बेळगावात ठोकली गेली किंवा केए-२२ची आंबोलीत, विमा तोच. फक्त परराज्याच्या नंबरची गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ इथेच ठेवायची असेल, तर नव्याने नोंदणी करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ते काम झालं की नवा नंबर आणि नवा पत्ता पॉलिसीवरही चढवून घ्या.

पहिला तास

कुणाला लागलं असेल तर बाकी सगळं नंतर. ११२ किंवा १०८ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्ग मदतीचा नंबर आहे. ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू झाली आहे. तिच्यात रस्ता अपघातातल्या जखमींना नेमलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. दवाखान्यात पोचल्यावर 'रस्ता अपघात' असं स्पष्ट सांगून एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय नोंद, करायला लावा. 'घरात पडलो' असं सांगून कुणी वेळ मारून नेली, तर पुढचा भरपाईचा दावा तिथेच लंगडा होतो.

कुणाला लागलेलं नसेल तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा. जवळचा पिचलेला बंपर सगळेच काढतात. लांबून काढलेला फोटो जास्त कामाचा असतो. त्यात दोन्ही गाड्या, रस्त्याची दिशा, मधली पट्टी, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा दुकानाची पाटी एकाच चौकटीत यायला हवी. कोण कुणाच्या बाजूला घुसला हे त्या एका फोटोवरून कळतं. काचेचे तुकडे आणि ब्रेकचे व्रण कुठे पडलेत तेही घ्या. मग दोन्ही गाड्यांभोवती फिरत एक सलग व्हिडिओ काढा आणि बोलून तारीख, वेळ, ठिकाण सांगा.

समोरच्या गाडीची नंबर प्लेट, चालकाचं लायसन्स, आरसी आणि विम्याचा कागद यांचे फोटो मागा. त्याने नकार दिला तरी नंबर प्लेट तुमच्याकडे आहेच. त्यावरून त्या गाडीच्या विम्याची मुदत एम-परिवहन अ‍ॅपवर दिसते.

उसाच्या हंगामात एक गोष्ट विशेष सांगायला हवी. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी भागात कारखाने सुरू झाले की डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, वळताना तिची शेपटी बाहेर येते आणि शेजारच्या गाडीचं दार सोलून निघतं. अशा वेळी फक्त ट्रॅक्टरचा नंबर घेऊन भागत नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची नोंदणी वेगवेगळी असते, विम्यातही दोन्हींचा वेगळा उल्लेख लागतो. ज्या ट्रॉलीने घासलं तिचा नंबर, पुढच्या ट्रॉलीचा नंबर आणि ट्रॅक्टरचा नंबर असे तिन्ही टिपा. ट्रॉलीवर नंबरच नसेल तर तसा फोटो काढा. तोही पुरावाच आहे. ऊस कुठल्या कारखान्याला चाललाय हेही चालकाला विचारून ठेवा, कारण पुढे ट्रॅक्टर मालकाचा ठावठिकाणा बऱ्याचदा तिथूनच लागतो.

परिवहन महामंडळाच्या बसने ठोकलं असेल तर बस नंबर, डेपोचं नाव आणि चालक-वाहकांचे बिल्ला क्रमांक घ्या. सरकारी परिवहन महामंडळांना विमा काढण्यातून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे. सूट असेल तिथे भरपाईचा दावा थेट महामंडळावर करायचा असतो, म्हणून विम्याचा कागद दिसला नाही तरी गडबडून जाऊ नका.

आणि आता सगळ्यात मोठा मोह. गर्दी जमते, कुणीतरी मोठेपणा घेऊन मध्ये पडतो, 'जाऊ दे की ओ, दोन हजार घ्या आणि मिटवा, पोरगं गरीब आहे.' माणुसकी म्हणून सोडून द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा निर्णय. पण पैसे घेऊन 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून देत असाल तर लक्षात घ्या, विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कसलीही कबुली, तडजोड किंवा वचन द्यायचं नाही, अशी अट प्रत्येक मोटार पॉलिसीत असते. बंपरच्या आत काय तुटलंय हे रस्त्यावर दिसत नाही. आतला सेन्सर, रेडिएटरचा सपोर्ट, वायरिंग हे गॅरेजात बंपर उतरवल्यावरच कळतं. तेव्हा हातात दोन हजार आणि सही केलेला कागद असतो.

कुठलं पोलीस स्थानक, कुठली भाषा

सीमाभागात हा प्रश्न इतरांपेक्षा आपल्याला जास्त छळतो. वेंगुर्ला रोडवर बाची सोडलं की शिनोळी महाराष्ट्रात, म्हणजे चंदगड तालुक्यात. महामार्गावर कोगनोळी कर्नाटकात, दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल. जांबोटी, कणकुंबीपर्यंत खानापूर तालुका आणि पुढे चोर्ला घाटात गोवा. अपघात ज्या हद्दीत झाला तिथलं पोलीस स्थानक तपास करतं, तुमचा पत्ता कुठला आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून जागेवरून मोबाइलचं लोकेशन घरच्यांना पाठवून ठेवा. पुढे हद्दीचा वाद निघाला तर त्या एका मेसेजवर तो मिटतो. बेळगाव शहरात अपघाताची नोंद साध्या स्थानकाऐवजी रहदारी पोलीस स्थानकात होते, हेही लक्षात असू द्या.

'हे आमच्या हद्दीत नाही' असं ऐकून परतू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. तिला झीरो एफआयआर म्हणतात. ती पुढे योग्य स्थानकाकडे जाते. बेदरकार गाडी चालवणं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, हा दखलपात्र गुन्हा आहे.

एफआयआर लागतोच का? फक्त तुमच्याच गाडीला मार बसलाय, कुणाला लागलेलं नाही आणि तुम्ही स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करणार आहात, तर कंपन्या सहसा एफआयआर मागत नाहीत. कुणी जखमी असेल, मोठं नुकसान असेल, किंवा समोरच्याकडून वसुली करायची असेल, तर तो हवाच. पोलीस गुन्हा नोंदवायला तयार नसतील तर निदान लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेऊन या. ही पोच जपून ठेवा.

आता भाषेचं. कर्नाटकाच्या हद्दीत जबाब आणि एफआयआर कन्नडमध्ये लिहिले जातात. आपल्यापैकी पुष्कळांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. त्यामुळे माणसं लिहिलेलं न वाचताच सही करतात आणि घोळ तिथे होतो. तुम्ही तोंडी सांगितलेली माहिती लिहून झाल्यावर तुम्हाला वाचून दाखवणं पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे. शांतपणे म्हणा, 'साहेब, एकदा वाचून दाखवा.' ऐकताना चार गोष्टी पकडा. दोन्ही गाड्यांचे नंबर बरोबर आहेत का, वेळ आणि ठिकाण बरोबर आहे का, तुमची गाडी थांबलेली होती की चालत होती, आणि कोण कुणाला येऊन धडकलं. चौथी गोष्ट उलटी लिहिली गेली तर पुढचा सगळा दावा उलटा होतो. सोबत कन्नड वाचणारा मित्र किंवा शेजारी नेलात तर उत्तमच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढे कोल्हापूर किंवा पुण्याच्या शाखेत कागद पाठवावा लागला तर इंग्रजी भाषांतर जोडा.

गाडी तपासणीसाठी स्थानकात ठेवून घेतली, तर मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाल्यावर आणि बाकीचे सोपस्कार आटोपल्यावर ती २४ तासांत परत द्यावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ सांगतं. एवढं माहीत असलं की विचारताना आवाजात धीर येतो.

क्लेम घ्यायचा की खिशातून भरायचे? आधी हिशेब

स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (एनसीबी) जातो, चूक दुसऱ्याची असली तरी. हे अन्यायाचं वाटतं आणि मलाही वाटतं, पण नियम असा आहे. हा बोनस म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यातली सूट. पहिलं वर्ष विनाक्लेम गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. गाडी पहिल्या वर्षातली असेल तर पुढच्या वर्षीचे २० टक्के हुकतात आणि पुढची चढण एक वर्ष मागे पडते. पण जुनी गाडी विकून तिचा बोनस तुम्ही नव्या गाडीवर आणला असेल, तर तो सगळाच्या सगळा शून्यावर येतो. तिथे दहादा विचार करा.

आता क्लेममधून नेमकं किती मिळतं ते एका समजून घेण्यापुरत्या उदाहरणात बघू. नवी छोटी कार, मागचा बंपर गेला. नवा बंपर ६,००० रुपये, रंगकाम ५,०००, मजुरी २,०००, एकूण १३,०००. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवला आहे.

बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर गाडी कालची असली तरी निम्मी घट, म्हणजे डेप्रिसिएशन, धरतात. म्हणजे ३,००० गेले. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा, म्हणजे १,२५० रुपये, हे रंगसामान धरलं जातं आणि त्यावर निम्मी घट, म्हणजे ६२५ गेले. मजुरी पूर्ण मिळते. शेवटी सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधली मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम. १,५०० सीसीपर्यंतच्या कारला ती १,००० रुपये, त्यावरच्या कारला २,०००, दुचाकीला १००. तर हातात आले ८,३७५ आणि खिशातून गेले ४,६२५. झिरो डेप असतं तर घटीचे ३,६२५ वाचून खिशातून फक्त वजावटीचे १,००० गेले असते.

समजा या गाडीचा पुढच्या वर्षीचा ओन डॅमेज हप्ता १२,००० आहे. बोनस हुकल्याने २,४०० जास्त भरावे लागतील. तरीही इथे क्लेम घेणं फायद्याचं. पण नुसता ओरखडा असेल, चार हजारांत काम होत असेल, तर क्लेम घेऊ नका. एनसीबी प्रोटेक्ट असेल तर हिशेब बदलतो, मात्र वर्षाला किती क्लेमपर्यंत तो चालतो हे पॉलिसीत बघा. झिरो डेपलाही अशी मर्यादा असू शकते.

पत्र्याचं मात्र बरं आहे. दार, फेंडर, बोनेट हे धातूचे भाग पहिल्या ६ महिन्यांत घट न धरता पूर्ण भरून मिळतात, त्यानंतर वर्षभरापर्यंत ५ टक्के घट आणि दुसऱ्या वर्षी १० टक्के. काचेवर घट नाही.

विमा कंपनीला कळवणं

त्याच दिवशी कळवा. टोल फ्री नंबरवर किंवा अ‍ॅपवर, आणि क्लेम नंबर मिळवूनच फोन ठेवा. एजंटाला व्हॉट्सअ‍ॅप केला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. जे घडलं तेच सांगा. 'गाडी पोरगं चालवत होतं, पण लायसन्स माझं लावा' हा सल्ला गॅरेजात कुणीही देतं आणि तो ऐकणाऱ्याचा अख्खा क्लेम जातो. फोटोत, सीसीटीव्हीत, जबाबात चालक दिसतोच.

गाडी चालण्यासारखी नसेल तर टोचन करून जवळच्या गॅरेजात न्या. साध्या पॉलिसीतही टोचनाचा खर्च मिळतो, कारला १,५०० रुपयांपर्यंत आणि दुचाकीला ३०० पर्यंत. रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर आधी तिथे फोन करा. मोडकी गाडी तशीच दामटून नेल्याने नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान कंपनी देत नाही. रेडिएटर फुटलेली गाडी 'घरापर्यंत तरी जाईल' म्हणून चालवली की इंजिन बसतं, आणि त्याचा भुर्दंड तुमच्यावर.

पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून पळून गेला तरी ओन डॅमेज क्लेम मिळतो. खडे बाजार किंवा गणपत गल्लीसारख्या ठिकाणी दुकानांचे कॅमेरे असतात. दुकानदाराला त्याच दिवशी विनंती करा, कारण रेकॉर्डिंगवर काही दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं.

गॅरेज आणि सर्व्हेअर

कॅशलेस हवं असेल तर गॅरेज तुमच्या कंपनीच्या यादीतलं आहे का ते गाडी आत लावण्याआधी विचारा. गाडी नवी आहे, वॉरंटीत आहे, तेव्हा अधिकृत वर्कशॉपच बरं. उद्यमबागेत डेंटिंगचे कसबी कारागीर आहेत आणि जुन्या गाडीसाठी मी त्यांच्याकडेच जायला सांगेन, पण नव्या गाडीत सेन्सर आणि एअरबॅगची वायरिंग असते. तिथे वॉरंटी सांभाळणं महत्त्वाचं.

क्रम असा असतो. गॅरेज एस्टिमेट देतं, सर्व्हेअर, म्हणजे कंपनीसाठी नुकसान मोजणारा माणूस, येऊन पाहतो, मंजुरी मिळते, मग काम सुरू होतं. सर्व्हेअर येण्याआधी एकही भाग खोलू देऊ नका. ५०,००० रुपयांच्या आतल्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा नसतो. कंपनीचा माणूस किंवा व्हिडिओ कॉलवरची तपासणीही चालते. पण व्हिडिओत आतलं दिसत नाही. म्हणून शक्य तर सर्व्हेअर येईल तेव्हा स्वतः तिथे उभे राहा.

हे उभं राहणं का गरजेचं, ते सांगतो. सर्व्हेअर बंपरवर बोट ठेवून विचारतो, 'रिपेअर की रिप्लेस?' गॅरेजचा सुपरवायझर काहीतरी पुटपुटतो आणि कागदावर 'रिपेअर' पडतं. नव्या गाडीचा क्लिपा तुटलेला बंपर चिकटवून बसवला की सहा महिन्यांत फट पडते आणि पावसात खडखडायला लागतो. तुम्ही तिथे असाल तर वाकून त्या तुटलेल्या क्लिपा दाखवता येतात, पार्किंग सेन्सरची सैल झालेली खाच दाखवता येते. डिकीचं झाकण उघडून त्याची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बोटाने चाचपून दाखवता येतं. एका बाजूला बोट जातंय आणि दुसऱ्या बाजूला नाही, याचा अर्थ मागचा पॅनल आत गेलाय. ही गोष्ट एस्टिमेटमध्ये आली नाही तर नंतर कुणी मान्य करत नाही.

काम सुरू झाल्यावर आत आणखी काही तुटलेलं निघालं तर गॅरेजने पुरवणी एस्टिमेट पाठवून मंजुरी घ्यायची असते. तुम्हाला न विचारता 'तेवढं तुम्ही भरा' म्हणाले तर थांबा आणि सर्व्हेअरला फोन करा. बदललेले जुने भाग काम संपेपर्यंत गॅरेजात ठेवायला सांगा, फेरतपासणीत ते बघितले जातात. नटबोल्ट, क्लिपा, कूलंट, ऑइल यांचे पैसे कन्झ्युमेबल्स अ‍ॅड-ऑन नसेल तर मिळत नाहीत.

कागद फार लागत नाहीत. क्लेम फॉर्म, आरसी, चालकाचं लायसन्स, पॉलिसी आणि लागू असेल तिथे एफआयआर. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कागदपत्रं नाहीत या एकाच कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा, असंही त्यात आहे. अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. रक्कम कमी वाटली तर वाद घालण्याआधी ती प्रत मागून घ्या.

गाडी ताब्यात घेताना समाधानपत्रावर सही मागतात. आधी दिवसाउजेडी रंग जुळतोय का बघा, सगळे दिवे लावून बघा, एक फेरी मारा, मग सही.

नुकसान फारच मोठं असेल

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नष्ट धरतात आणि आयडीव्हीच्या हिशेबाने पैसे मिळतात. आयडीव्ही पहिल्या ६ महिन्यांत शोरूम किमतीपेक्षा ५ टक्के कमी, त्यानंतर वर्षाच्या आत १५ टक्के कमी असते आणि त्यात रोड टॅक्स धरलेला नसतो. रिटर्न टू इनव्हॉइस असेल तर बिलाची रक्कम मिळते. म्हणून नव्या गाडीवर पहिली दोन-तीन वर्षं हे अ‍ॅड-ऑन घ्याच. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेचं देणं फेडण्यात जातात, उरलेले तुम्हाला.

समोरच्याकडून वसुली

गाडी रस्त्यावर आली, आता दुसरी वाट. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून तुमच्या मालमत्तेचं नुकसान मिळू शकतं. त्याची कार असेल तर साधारण साडेसात लाखांपर्यंत, दुचाकी असेल तर एक लाखापर्यंत. काही मालक हप्ता वाचवायला ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. तसं असेल तर वरची रक्कम मालकाकडूनच मागावी लागते.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. इथे सीमाभागातल्या माणसाच्या फायद्याची मोठी तरतूद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावा अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही करता येतो आणि निवड तुमची. आंबोलीत ठोकलं म्हणून सिंधुदुर्गात तारखांना हेलपाटे घालायची गरज नाही, दावा बेळगावात चालतो. मुदत मात्र अपघातापासून ६ महिने.

पोलिसांनीही न्यायाधिकरणाला ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो, हा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. तपास अधिकाऱ्याला भेटून तो गेला का ते विचारत राहा. समोरच्याच्या विमा कंपनीलाही लेखी कळवा. त्याच कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे कंपनीने नेमलेला अधिकारी ३० दिवसांत तडजोडीची रक्कम देऊ करू शकतो.

जे तुमच्या कंपनीने दिलं तेच पुन्हा समोरच्याकडून मागता येत नाही. न मिळालेला भाग मागा: घट, वजावट, आणि गाडी धंद्याची असेल तर बुडालेली कमाई. त्याची बिलं नीट ठेवा. ही रक्कम पाच-सात हजारांचीच असेल तर वकिलाची फी आणि वेळ धरून दावा परवडत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. चाळीस-पन्नास हजारांच्या वर असेल, किंवा कुणाला लागलं असेल, तर मात्र मागे हटू नका. अशा पुष्कळ दाव्यांचा निकाल लोक अदालतीत तडजोडीने लागतो.

ठोकणारा सापडलाच नाही तर गाडीसाठी फक्त तुमचं ओन डॅमेज. माणसासाठी मात्र सरकारी भरपाई आहे: मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे करायचा. गाडी चालवणारा मालक स्वतः दगावला किंवा कायमचा अपंग झाला, तर सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्यातून १५ लाखांपर्यंत मिळतात. हा हप्ता तुमच्या पॉलिसीत भरलेला आहे का, ते घरच्यांनाही माहीत हवं.

क्लेम नाकारला, किंवा उत्तरच येत नाही

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, नाकारण्याचं कारण लेखी मागा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. कर्नाटकासाठी त्यांचं कार्यालय बेंगळुरूत आहे, पण तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फक्त कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. बऱ्याचदा तेवढ्यानेच अडकलेली फाइल हलते.

दुसरा पर्याय बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. गाडीच्या विम्याचा हप्ता म्हणून भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल, आणि ती असतेच, तर तिथेही फी पडत नाही. तक्रारीला क्लेम नंबर, नाकारल्याचं पत्र, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि त्या पहिल्या तासातले लांबून काढलेले फोटो जोडा. एफआयआर कन्नडमध्ये असेल तर तो तसाच जोडा, तिथे भाषांतर लागत नाही.